मुंबईत एमबीएला आलात? आधी आपली लाइन ओळखा

सीईटीच्या कॅप राउंडमधून मुंबईचं कॉलेज लागलं की घरी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून एकच विषय सुरू होतो: राहायचं कुठे? कोणी म्हणतं कल्याणला मावशीकडे राहा, कोणी म्हणतं कॉलेजच्या दारातच खोली घे, भाडं कितीही पडो. नांदेड, सांगली, जळगावहून आलेल्या मुलामुलींना हे सगळं सारखंच अवघड वाटतं, कारण नकाशावर मुंबई लहान दिसते. मुंबईकर अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही. तो आधी विचारतो, ‘वेस्टर्न की सेंट्रल?’, म्हणजे लोकलची कुठली लाइन, आणि मग मिनिटं सांगतो.

या शहरात एमबीएच्या विद्यार्थ्याचे पैसे संपण्याआधी वेळ संपतो. पहिल्या ट्रायमेस्टरला रोजची लेक्चरं, न सांगता घेतलेल्या क्विझ, रात्री अकराला सुरू होणाऱ्या ग्रुप मीटिंगा आणि वर कमिट्यांचे इंटरव्ह्यू असतात. उरलेला वेळ प्रवासात गेला तर दोन वर्षांत समुद्र दिसतो तो फक्त चर्नी रोडजवळ गाडीच्या खिडकीतून. म्हणून मौजेची तयारी खोली शोधण्यापासूनच करायची.

लाइन आधी, खोली नंतर

जमनालाल बजाज आणि सिडनहॅम चर्चगेटला, नरसी मोनजी विलेपार्ल्याला, एस. पी. जैन अंधेरी पश्चिमेला. ही सगळी वेस्टर्नवर. वेलिंगकर माटुंगा पूर्वेला आणि सोमय्या विद्याविहारला, म्हणजे सेंट्रलवर. पवईला आयआयटी आणि पूर्वीची निटी, म्हणजे २०२३ पासूनची आयआयएम मुंबई. तिथे स्टेशन नाही. कांजुरमार्ग किंवा विक्रोळीला उतरून रिक्षा. देवनारच्या टिससाठी हार्बरवर गोवंडी.

खोली शक्यतो त्याच लाइनवर घ्या. सेंट्रलवर राहून वेस्टर्नवर कॉलेज असेल तर रोज दादरचा पूल आला. गर्दीच्या वेळी गाडी बदलायला वीस मिनिटं धरायची, आणि ती जाताना आणि येताना अशी दोनदा. अपवाद मेट्रो एकचा: घाटकोपर ते वर्सोवा ११.४ किलोमीटर साधारण २१ मिनिटांत होतात, त्यामुळे अंधेरीच्या कॉलेजला घाटकोपरहून येणं जमून जातं. कुलाब्याच्या कफ परेडपासून आरेपर्यंत जाणारी भुयारी मेट्रो-३ ही ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), दादर, चर्चगेट अशी ठिकाणं तिने जोडली गेली आहेत, पण तिचं तिकीट लोकलच्या पासापेक्षा बरंच महाग पडतं. रोजच्यासाठी लोकल आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी मेट्रो, ही वाटणी परवडते.

दुसरी गोष्ट: जिथून गाड्या सुटतात तिथे राहिलात तर सकाळी बसायला मिळतं. बोरिवली, अंधेरी, ठाणे ही अशी स्टेशनं. गाडीत बसून चाळीस मिनिटं केस स्टडी वाचता येते. उभ्याने वीस मिनिटांत काहीच होत नाही.

तिसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. सकाळी आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटीकडे वाहते. संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे. कॉलेज पार्ल्याला आणि खोली दादरला असेल तर तुम्ही दोन्ही वेळा बऱ्यापैकी गर्दीच्या उलट जाता. दादरचं भाडं जास्त पडतं, पण संध्याकाळी घरी पोचल्यावर अंगात काही करायची ताकद शिल्लक असते. दोघातिघांत जागा वाटून घेता येत असेल तर हा सौदा आम्ही नक्की सुचवू.

खोली बघताना

हॉस्टेल मिळत असेल तर पहिल्या वर्षी डोळे झाकून घ्या. नाही मिळालं तर तीन वाटा: पीजी, कॉट बेसिस आणि चौघांत फ्लॅट. कॉट बेसिस म्हणजे एका खोलीतली फक्त एक खाट आणि एक कपाट तुमचं. गिरगाव, दादर, पार्ल्यात अशा जागा अजून मिळतात, बहुतेक वेळा ओळखीतून. वयस्कर मालकीणबाई असतील तर रात्री यायची वेळ, बाहेरचं माणूस घरी आणणं आणि स्वयंपाकघर वापरणं हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून घ्या. एमबीएच्या मुलांना रात्री बारा-एकपर्यंत कॉलेजात थांबावं लागतं. दहाला दार बंद होणारं घर कितीही चांगलं असलं तरी चालणार नाही.

फ्लॅट बघायला पावसाळ्यात जाताय हे तुमचं नशीब समजा, कारण ओल तेव्हाच दिसते. कपाटामागच्या आणि खिडकीखालच्या भिंतीवर तळहात ठेवून बघा. भिंत थंड, दमट लागली किंवा रंगाचे पापुद्रे हाताला आले तर सुटाबुटाला बुरशी येणार हे धरून चाला. पाणी किती वाजता येतं आणि टाकीतून दिवसभर मिळतं का, ते विचारा. सोसायटीला विद्यार्थी भाडेकरू चालतात का, हे एजंटाला विचारू नका. खाली वॉचमनला विचारा, आणि जमलं तर सेक्रेटरीकाकांना भेटून या. ‘बॅचलर चालणार नाही’ हे सामान आणल्यावर कळणं फार महाग पडतं.

टोकन देण्याआधी एकदा कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला त्या जागेपासून कॉलेजपर्यंत जाऊन बघा. रविवारी दुपारी पंचवीस मिनिटं लागणारा रस्ता सोमवारी पाऊण तासाचा होतो.

करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असतो. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी ऑनलाइन होते. ‘आपल्यात कशाला कागद’ असं कोणी म्हटलं तर नम्रपणे पण ठामपणे कागद मागा. एजंटाची दलाली साधारण एका महिन्याचं भाडं, आणि डिपॉझिट काही महिन्यांचं. भांडण बहुतेक शेवटी होतं, डिपॉझिटमधून रंगाचे आणि सफाईचे पैसे कापण्यावरून. म्हणून काय कापलं जाईल ते करारात लिहून घ्या आणि पहिल्या दिवशी खोलीचे, नळांचे, फरशीचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. लॉक-इन, म्हणजे मधेच जागा न सोडण्याची मुदत, किती महिन्यांचा आहे तेही वाचा. पहिल्या वर्षानंतर एप्रिल-मेमध्ये समर इंटर्नशिप लागते. ती बंगळूरला लागली तर दोन महिने खोली रिकामी आणि भाडं चालू. कोणी दुसरा विद्यार्थी तेवढ्यापुरता राहू शकेल का, ही परवानगी आधीच लेखी घेतलेली बरी.

लोकल अंगवळणी पाडा

कॉलेजच्या ऑफिसातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म मिळतो. त्यावर घराजवळचं आणि कॉलेजजवळचं स्टेशन लिहून शिक्का घ्यायचा आणि खिडकीवर जाऊन मासिक किंवा तिमाही पास काढायचा. फॉर्मची मुदत थोड्याच दिवसांची असते, वयाचीही अट असते, त्यामुळे हातात आला की लगेच वापरा. तिमाही पास स्वस्त पडतो आणि तीनदा रांगेत उभं राहणं वाचतं. पास सेकंड क्लासचा असेल तर फर्स्ट क्लासच्या तिरक्या पट्ट्यांच्या डब्यात चढू नका. टीसी तिथे नेमाने येतात. एसी लोकलचं तिकीट वेगळं. सेकंड क्लासचं किमान तिकीट ५ रुपये, एसीचं ३५.

इंडिकेटर वाचायला पाच मिनिटांत शिकता येतं. गाडी शेवटी कुठे जाणार, किती वाजता येणार, स्लो की फास्ट आणि बारा डबा की पंधरा डबा, एवढंच त्यावर असतं. वेस्टर्नची फास्ट गाडी चर्चगेटहून निघाली की साधारण मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली अशी थांबते. पार्ल्याला ती थांबत नाही. अंधेरीला उतरून एक स्टेशन मागे यायचं किंवा सरळ स्लो पकडायची. सेंट्रलची फास्ट भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर अशी जाते आणि माटुंग्याला थांबत नाही. माटुंगा आणि माटुंगा रोड ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, पहिलं सेंट्रलवर, दुसरं वेस्टर्नवर. मधे झेड ब्रिज आहे. वेलिंगकरच्या मुलांनी तो पूल पहिल्याच आठवड्यात चालून बघावा, रोजच्या जाण्यायेण्यात तोच उपयोगी पडतो. दादरला डिसेंबर २०२३ पासून प्लॅटफॉर्मचे आकडे १ ते १४ असे सलग आहेत: वेस्टर्न १ ते ७, सेंट्रल ८ ते १४. जुना माणूस ‘सेंट्रलचा तीन नंबर’ म्हणाला तर बोर्ड बघून खात्री करा.

आता संध्याकाळी सव्वासहाला दादरला उत्तरेकडची गाडी पकडायची आहे असं धरू. सॅक पाठीवरून काढून पोटावर घ्या. मोबाइल आतल्या खिशात. महिलांचा डबा, फर्स्ट क्लास आणि जनरल डबा प्लॅटफॉर्मवर कुठे लागतो ते ठरलेलं असतं, वर पाट्या असतात. तिथेच उभे राहा. गाडी थांबली की दाराच्या बाजूला व्हा, मधे नाही, कारण आधी उतरणाऱ्यांचा लोंढा येतो आणि समोर उभा असलेला माणूस मागे ढकलला जातो. उतरणारे संपले की आत शिरा आणि दाराशी न थांबता सीटच्या मधल्या गल्लीत सरका. सॅक वरच्या रॅकवर टाका. हवी असेल तेव्हा लोक हातोहात पुढे देतात. बसलेल्याला ‘कुठे?’ असं विचारलं की तो स्टेशन सांगतो आणि ती सीट तोंडीच तुमच्या नावावर होते. तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मिळते ती अर्धीच असते, पण ती मागायला लाजायचं कारण नाही.

उतरायची तयारी दोन स्टेशनं आधी. पुढच्याला ‘अंधेरी?’ एवढंच विचारायचं. तो उतरणार असेल तर मान हलवतो, नसेल तर बाजू देतो. कुठल्या बाजूला प्लॅटफॉर्म येणार तेही विचारून घ्या, कारण चुकीच्या दाराशी पोचलात तर उतरणं राहून जातं.

अडचण हमखास होते ती इथे: बोरिवलीला उतरायचं आणि गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये चढायचं. ती गाडी लांब जाणाऱ्यांची आहे. दार अडलेलं असतं, उतरताना भांडण होतं आणि ते भांडण तुम्ही जिंकणार नाही. बोरिवली लोकल मागून येतेच. आणि कितीही उशीर झाला तरी दारात लटकू नका, रूळ ओलांडू नका. पूल लांब पडला तरी पुलावरूनच जा. या दोन गोष्टींनी दरवर्षी कित्येक घरं उजाड होतात.

शेवटच्या गाड्या साधारण साडेबारा ते एकच्या दरम्यान सुटतात, लांब पल्ल्याच्या त्याआधी. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणं, असतो, बहुतेक वेळा सकाळी उशिरापासून दुपारी चारपर्यंत. शनिवारी रात्रीच वेळ बघून ठेवा. रिक्षा माहीम आणि सायनच्या पुढे दक्षिणेला जात नाही, तिथून टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१. बेस्टच्या साध्या बसचं मे २०२५ पासून १०, एसीचं १२.

आठवड्याची आखणी

एक संध्याकाळ, अर्धा रविवार आणि महिन्यातून एक लांबची फेरी. एवढंच ठरवा आणि कॅलेंडरवर ग्रुप मीटिंग टाकता तसं टाका. ‘वेळ मिळाला की जाऊ’ म्हणणाऱ्यांना वेळ मिळत नाही, कारण ग्रुपमधलं कोणीतरी तेवढ्यात मीटिंग लावतं. संध्याकाळची जागा आपल्याच लाइनवर, पाऊण तासाच्या आतली असावी. माटुंगा रोडहून सहाला चर्चगेटकडे जाणारी गाडी रिकामी असते. साडेनऊनंतर परत आलात तर तीही बरी मिळते. बरोबर सातला परत यायला निघालात तर फिरण्याचं सुख अंधेरीपर्यंत टिकत नाही.

माटुंगा-दादरकडच्यांचं भाग्य थोर. माटुंगा स्टेशनसमोर रामा नायकांच्या उडुपीत केळीच्या पानावर पोटभर जेवण, जवळच कॅफे मद्रास आणि रामाश्रय. सकाळी आठला गेलात तर लगेच बसायला मिळतं, रविवारी नऊनंतर रांग. दादर पश्चिमेला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष, आस्वादमध्ये मिसळ आणि थालीपीठ, कीर्ती कॉलेजच्या गल्लीत अशोकचा चुरा घातलेला वडापाव. मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायचं. नेट्स चालू असतात, कडेने लोक फेऱ्या मारत असतात, कोणी उठवत नाही. शिवाजी मंदिर तिथून चालत दहा मिनिटांवर, यशवंत नाट्यमंदिर माटुंगा रोडजवळ. शनिवार-रविवारच्या मराठी पेपरात नाटकांच्या जाहिराती येतात, त्यात प्रयोगाची वेळ असते. बाल्कनीचं तिकीट काढा. ऑडिटोरियमची पहिली रांग परवडत नाही म्हणून नाटक सोडू नका, बाल्कनीतून आवाज स्वच्छ येतो.

पार्ले-अंधेरीकडच्यांना दीनानाथ नाट्यगृह पूर्वेला आणि पृथ्वी थिएटर जुहूला. पृथ्वीत नाटक सुरू झालं की आत सोडत नाहीत, हे अगदी कडक पाळतात. जागा नंबरच्या नसतात, म्हणून अर्धा तास आधी रांगेत लागा. वाट बघताना आवारातला चहा आहेच. जुहू चौपाटी तिथून जवळ, पण रविवारी संध्याकाळी गर्दीत वाळूही दिसत नाही. मंगळवार-बुधवार बरा.

चर्चगेटच्या मुलांना मरीन ड्राइव्ह पायाखालीच आहे. एनसीपीए या कलाकेंद्राचे काही कार्यक्रम विनामूल्य असतात. महिन्याचं वेळापत्रक पहिल्या तारखेला बघून दोन खुणा करून ठेवा. जहांगीर आर्ट गॅलरीत कधीही जा, तिकीट नाही. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार बसलेले असतात.

पवईकरांना आपलं तळं आहे, आणि कॅम्पसच्या बाहेर पडायला त्यांना इतरांपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. कांजुरमार्गला शेअर रिक्षा करून दादर गाठायची सवय पहिल्या महिन्यातच लावा, नाहीतर दोन वर्षं हिरानंदानीतच जातात.

एक रविवार फोर्टात

धंदा शिकायला आलेल्या माणसाने हा फेरफटका पहिल्या दोन महिन्यांत करावाच. तीनेक किलोमीटर, अडीच तास, खर्च चहापाण्याचा. रविवारी ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे मिळतात आणि इमारती मान वर करून बघता येतात.

सीएसएमटीला सकाळी साडेसातला उतरा. दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौकात या, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या स्मारकाशी थांबा. डावीकडे वीर नरिमन रोडने हॉर्निमन सर्कल. या गोल बागेच्या जागी पूर्वी मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. तिथे कापसाच्या गाठींचे ढीग लागत. हा व्यापार पुढे हलला आणि हार्बर लाइनच्या कॉटन ग्रीन स्टेशनात त्याचं नाव उरलं. समोर टाउन हॉल, त्यात एशियाटिक सोसायटी. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडांखाली शेअर दलाल जमत. त्यांचीच १८७५ मध्ये संघटना झाली, तीच आजची बीएसई. दलाल स्ट्रीट तिथून पाच मिनिटांवर. वाटेत रिझर्व्ह बँक लागते. टाटांचं बॉम्बे हाउसही याच गल्ल्यांमध्ये, १९२४ पासून.

मग उलट फिरून ओव्हल मैदानावर या आणि राजाबाई टॉवरकडे बघा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून शेअरचा वेडा बाजार पेटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर भरमसाट चढले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. त्या बाजाराचा राजा प्रेमचंद रायचंद. टॉवरसाठी पैसे त्यांनीच दिले आणि तो आईच्या नावाने उभा राहिला, १८७८ मध्ये. बॅकबेची जमीन पुढे खूप वर्षांनी खरोखर झाली. जमनालाल बजाजचा पत्ता आज त्याच बॅकबे रेक्लमेशनवर आहे. फायनान्सच्या तासाला बुडबुडा शिकवतात, तेव्हा हा टॉवर डोळ्यांसमोर असला की तो धडा विसरत नाही.

शेवटी कयानी या इराणी हॉटेलात ब्रुन मस्का आणि चहा. धोबी तलावला, मेट्रो सिनेमासमोर.

कामाच्या दिवशी सुट्टी मिळाली तर सव्वाअकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनच्या बाहेर उभे राहा. डबेवाले लाकडी खोके डोक्यावरून उतरवतात आणि फुटपाथवरच डबे लावायला घेतात. झाकणावर रंगाने चार-पाच खुणा असतात: कुठल्या स्टेशनातून आला, कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. पत्ता नाही, गिऱ्हाइकाचं नाव नाही. ऑपरेशन्सच्या पुस्तकात या कामावर पानंच्या पानं असतात, पण एक डबा जमिनीवर टेकल्यापासून दुसऱ्याच्या खोक्यात जाईपर्यंत किती सेकंद लागतात ते उभं राहून मोजावं. मधे उभे राहू नका, फोटोसाठी कोणाला थांबवू नका; त्यांच्याकडे वेळ नसतो.

पाऊस आणि तब्येत

वर्ग सुरू होतात तेव्हा पाऊस जोरात असतो. फॉर्मलचे बूट सॅकमध्ये, पायात रबरी चप्पल. बूट कॉलेजात पोचल्यावर. जास्तीचा एक शर्ट आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत. ब्लेझर कॉलेजच्या लॉकरमध्येच राहू दे.

मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच वेळी आली की पाणी समुद्रात जायला जागा राहत नाही, आणि हिंदमाता, सायन, अंधेरी सबवे, मिलन सबवे भरतात. भरतीच्या वेळा महापालिका जाहीर करते, त्या बघून निघा. गाड्या बंद पडल्या तर कॉलेजातच थांबा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हापासून घरी पोचण्याचा हट्ट धरू नये हे मुंबई शिकली आहे. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि पायाला जखम असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, गोळी तेव्हाच उपयोगी पडते. ताप आला तर दोन दिवस वाट न बघता रक्त तपासा. मलेरिया आणि डेंग्यू इथे दर पावसाळ्यात असतो, आणि मिड-टर्मच्या तोंडावर अंगावर काढलेला ताप अख्खं ट्रायमेस्टर घेऊन जातो.

लांबची फेरी

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी सोमवारी बंद. एलिफंटाही सोमवारी बंद, पावसाळ्यात लाँच कधीही थांबू शकते. नेरळहून माथेरान एका दिवसात होतं, कर्जत लाइनची पहिली गाडी पकडली तर. जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. निघण्याआधी बातम्या बघा आणि पाण्यात उतरू नका.

गणपतीत लालबागला जायचं असेल तर पहाटे जा आणि चिंचपोकळी किंवा करी रोडला उतरा, लोकांच्या लोंढ्याबरोबर चालत राहा. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटी बघायची तर चर्नी रोडला दुपारीच पोचायला हवं. मित्रमंडळी लोअर परळला पार्टी करणार असतील तर ओळखपत्र बरोबर ठेवा: महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं आणि कडक दारूसाठी २५ पूर्ण लागतात. न पिणाऱ्याने बिलाची वाटणी आधीच बोलून घ्यावी, त्यात गैर काही नाही.

सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन, त्याच्या पुढेमागे काळा घोडा महोत्सव. पण याच काळात प्लेसमेंट आणि परीक्षाही येतात. म्हणून सकाळच्या गोष्टी निवडा, ज्या नऊच्या आत आटपतात. पहाटे पाचला दादरचा फूलबाजार, झेंडूच्या राशी आणि ओल्या पोत्यांचा वास. किंवा रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. ते हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत येतात आणि मे महिन्यापर्यंत असतात. ऐरोलीच्या खाडी केंद्रातून बोटीने जाता येतं, बुकिंग आधी करावं लागतं. वेळ भरती-ओहोटीवर ठरते: पूर्ण ओहोटीला पक्षी दूर चिखलावर जातात, पूर्ण भरतीला चिखलच पाण्याखाली जातो. दोन्हीच्या मधली वेळ सकाळी सातच्या आसपास येते असा रविवार शोधा, दुर्बीण एकाकडे असली तरी चौघांना पुरते, आणि ठाण्याहून ऐरोलीला नेणाऱ्या ट्रान्स-हार्बर लाइनवर त्या दिवशी ब्लॉक नाही ना, तेवढं बघून निघा.